नाव घेतल्याशिवाय उठणार नाही

मुजिंगाने मला पहिल्या भेटीतच मक्याच्या पिठाची न्शिमा ढवळायच्या दांड्याने मारलं. डाव्या कानामागे. टेंगूळ आठ दिवस उतरलं नाही. आज तिला विचारलंत तर ती म्हणेल, "बाना झोंदिवे वाढवून सांगतात, चारच दिवस होतं." तिचं ऐकू नका. टेंगूळ माझ्या डोक्यावर होतं.

मी डायलेसी जेरे. झांबियातल्या आमच्या चिसेलेला वस्तीत मला कुणी डायलेसी म्हणत नाही, झोंदिवेची आई म्हणून बाना झोंदिवे म्हणतात. नवरा तांब्याच्या खाणीत होता. तो गेल्यावर मी मैदानाच्या फाटकाशी गोड भजी तळायला बसले. वस्तीतल्या पोरींच्या फुटबॉल संघाच्या जर्श्या धुवायचं कामही हळूहळू माझ्याच गळ्यात आलं. माझं तोंड वाईट आहे. ते मला ठाऊक आहे, कुणी वेगळं सांगायला नको.

तर मार का खाल्ला ते सांगते. आमच्या घरांच्या रांगेतले मुबांगा, मानाने बा मुबांगा, वारले होते. ते बेम्बा जमातीचे, मी न्गोनी. आमच्या पणज्यांनी एकमेकांची डोकी फोडली, म्हणून आम्ही आता एकमेकांचे चिम्बुया. चिम्बुयाने वाट्टेल ते बोलावं आणि दुसऱ्याने रागावायचं नाही. रागावला तो हलका. बेम्बाच्या घरी माणूस गेलं की रडायचं काम तेवढं त्यांचं. बाकी चूल, पाणी, कबर खणणं आणि रडणाऱ्यांना हसवणं, हे सगळं आमचं. मी बा मुबांगांचा कोट चढवला, त्यांची टोपी घातली, त्यांच्यासारखी लंगडत शवपेटीभोवती फिरले आणि, माकडं खाता म्हणून बेम्बांना आम्ही नेहमी चिडवतो तसं, म्हटलं, "गेला एकदाचा माकडखाऊ. आता रानातली माकडं निवांत झोपतील." बायका रडता रडता फिसकन हसल्या, आणि तेवढ्यात माझ्या कानामागे फाडकन बसली.

वळून बघते तर अकरा वर्षांची काटकुळी पोर. हातात दांडा, डोळ्यांत नुसता जाळ. "ह्यांनी आम्हाला राहायला खोली दिली," ती म्हणाली, "आणि तू मेलेल्या माणसाला शिव्या देतेस, म्हातारे?"

अख्खं घर हसायला लागलं. बा मुबांगांची बायको तर इतकी हसली की दोघींनी तिला धरून बसवलं. मी पोरीला बाजूला घेऊन चिम्बुया म्हणजे काय ते समजावलं. तिने सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग माझे चिम्बुया कोण?"

"तुझे? तुझे इथे कुणी नाहीत. तू पलीकडची," मी म्हटलं आणि चुलीकडे गेले. वाईट हेतूने नाही बोलले. पण बोलले ते बोललेच, आणि त्याची लाज मला अजून वाटते.

पलीकडची म्हणजे सरहद्दीपलीकडची. आमच्या वस्तीपासून सरहद्द सायकलवर पाऊण तास. मुजिंगा काँगोतल्या लिकासीत जन्मली. बाप तिथे रेल्वेत कामाला. ते लुबा लोक, त्यांचे आजे कधीकाळी कासाईहून आलेले. एक दिवस लिकासीत गलका झाला, "तुम्ही इथले नाही, कासाईला चालते व्हा." मुजिंगाने कासाई डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. तिच्या आईनेही नव्हता. स्टेशनवर हजारो माणसं गाडीची वाट बघत आठवडेच्या आठवडे उघड्यावर पडली होती. तिथेच बाप तापाने गेला. आईने त्याला रुळांच्या कडेला पुरलं, पोरीचा हात धरला आणि गाडी जिकडे जाणार होती त्याच्या उलट दिशेला चालत सुटली. ती थेट सरहद्दीच्या अलीकडे आली. तेव्हा मुजिंगा सात वर्षांची होती; आमच्या वस्तीत त्या चार वर्षांनी आल्या.

आज ती चाळिशीला टेकली आहे. वेल्डिंग करते. अर्ध्या वस्तीची फाटकं आणि खिडक्यांचे गज तिच्या हातचे. दोन मुली आहेत, दोघी आईसारख्याच उद्धट. पण मी सांगतेय ती गोष्ट ती तेवीस वर्षांची असतानाची.

गोलकीपर ती कशी झाली, तर कुणी दुसरं उभं राहायला तयार नव्हतं म्हणून. आमचं मैदान म्हणजे तांबड्या मातीचं पटांगण. त्यावर आडवी उडी मारली की अर्धी मांडी सोलून निघते. बाकीच्या पोरी चेंडू आला की हात पुढे करायच्या आणि पाय मागे घ्यायच्या. ही अंग झोकून द्यायची. सामना संपला की जर्सी माझ्याकडे यायची ती रक्तमातीने कडक झालेली. मी म्हणायची, "अगं, जर्सीवर तरी दया कर." ती म्हणायची, "गोल गेला असता तर तू माझ्यावर दया केली असतीस का?" नसती केली, खरं आहे.

दहा वर्षं राहिल्याचे पुरावे गोळा करून, तीन-तीनदा राजधानीला, लुसाकाला खेटे घालून तिने नागरिकत्वाचा कागद मिळवला. शिक्क्यासकट. आईने तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून छपराच्या वाशाला बांधला, पाऊस, उंदीर आणि पोलीस तिन्हींपासून दूर.

मग राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक आमच्याकडे एक सामना बघायला आला. बघून काही बोलला नाही, माझ्याकडची सहा भजी खाऊन निघून गेला. पंधरा दिवसांनी पत्र आलं. काँगोशी सामना आहे, चिसेलेलाच्या गोलकीपरचं नाव आणि कागद जिल्ह्याच्या शिफारशीसह शुक्रवारी दुपारपर्यंत पाठवा.

शिफारस करणार कोण, तर आमचे फुटबॉल सचिव बा कापासा. बेम्बा माणूस. इस्त्रीची पँट, खिशाला तीन पेनं. वाईट नव्हता, भित्रा होता. भित्रा माणूस खुर्चीत बसला की कसा वागतो ते मी वेगळं सांगायला नको. सोमवारी त्याने मुजिंगाला बोलावलं. मी जर्श्यांचा हिशेब द्यायच्या निमित्ताने बरोबर घुसले.

"ये, मुलेंगा," तो म्हणाला.

"मुजिंगा," ती म्हणाली.

"तेच तर सांगतोय. मुलेंगा लिहू. मुलेंगा चिलुफ्या, नाव बेम्बा, जन्म आमच्या मुलखात, कसामाला. जन्माचा दाखला करून देणारा माणूस आहे माझ्या ओळखीचा. दोन दिवसांचं काम."

"माझ्याकडे खरा कागद आहे, तर खोटा कशाला?"

बा कापासाने चष्मा काढून पुसला. "कागद आहे, मी कुठे नाही म्हणतो? पण रेडिओवर नाव वाचतील तेव्हा लोक काय तुझ्या छपरावर चढून कागद बघणार आहेत? आणि समोर काँगो. मुजिंगाच्या हातून एक गोल गेला की म्हणतील विकली गेली, आणि माझ्या घरावर दगड पडतील. मुलेंगाच्या हातून गेला तर म्हणतील, ऊन डोळ्यांत गेलं बिचारीच्या."

खोटं नव्हतं हो ते. मीच तिला म्हटलं, "घे ना, पोरी. नावात काय ठेवलंय? मैदानात कोण हाका मारत बसतंय? एकदा आत जा, मग सांग काय सांगायचं ते."

तिने माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचं गिळलं. मग ती बा कापासाला म्हणाली, "लिकासीतून आम्हाला हाकललं तेव्हा मी सात वर्षांची होते. तू कुठली, असं मला कुणी विचारलं नाही, त्यांनीच सांगून टाकलं. आता तुम्हीही सांगताय. कसामा मी बघितलेलं नाही. कासाईही नव्हता बघितला. जिथे मी कधी गेले नाही, तिथलीच मी आहे असं प्रत्येकाला का वाटतं?"

"मग राहिलं," बा कापासा म्हणाला. "दुसरी गोलकीपर आहे आपल्याकडे. शुक्रवारी तिचं नाव जाईल."

"जाऊ दे की. तिला उडी मारता येते का तेवढं विचारा."

परतताना ती ताडताड चालत होती, मी मागून धापा टाकत. म्हटलं, "एवढा ताठा कशाला? घरी आई आहे, तिला विचार तरी."

ती थांबली. "मुजिंगा कुणाला म्हणतात ठाऊक आहे? गळ्याभोवती नाळ गुंडाळून जन्मलं त्या पोराला. मी काळीनिळी बाहेर आले होते. सुईण म्हणाली ही जगत नाही, आणि मी जगले. त्याचं नाव आहे हे. आईने ते आवडलं म्हणून ठेवलेलं नाही. ते मी कापासाच्या खिडकीच्या काचा वाचवायला सोडून देऊ?"

घरी आई रडली. म्हणाली, "घे ते नाव. मी तुला मुजिंगाच म्हणेन." वस्तीतल्या प्रत्येकाने तेच सांगितलं. ज्याला चेंडू गोल असतो एवढंच ठाऊक, तोही सल्ला द्यायला आला. मुजिंगाने सगळ्यांना चहा दिला आणि कुणाचंही ऐकलं नाही.

मंगळवारी पहाटे बा कापासाचा बाप वारला.

म्हातारा वस्तीत मानाचा. गुरुवारी माती. आम्ही न्गोनी बायका बुधवारीच चुली पेटवून बसलो. आमच्या पुरुषांनी कबर खणली, कारण ज्याच्या घरचं माणूस त्याने फावड्याला हात लावायचा नसतो, ते अशुभ. मी माझं काम चोख करत होते. म्हाताऱ्याची काठी घेऊन बा कापासाच्या पोटाला टोचत म्हटलं, "बापाने माकडं खाऊन तुला मोठा केला, तू खुर्ची खाऊन मोठा झालास." तो रडत होता, तरी ओठ हलले. रीत आहे ती. दुःखात माणूस एकटा पडू नये म्हणून कुणीतरी त्याला चिडवलं पाहिजे.

गुरुवारी सकाळी मुजिंगा आली. अंगात गोलकीपरची जर्सी, कमरेला चितेंग्याचं कापड गुंडाळलेलं, डोक्यावर गाठोडं, जशी काही चार दिवस चालून आली आहे. शेकोटीभोवती बसलेल्या पुरुषांच्या मधून सरळ चालत गेली आणि पेटीसमोर उभी राहिली.

"कुठे आहे तो पळपुटा?" तिने मोठ्याने विचारलं. "न्यायला आलेय मी त्याला."

पेटीशेजारच्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

"ओळखलं नाहीत? मी लुबांकडची. तुम्ही बेम्बा मूळचे आमच्याच मुलखातले. तुमचे राजपुत्र तिथे बापाच्या राज्यात मनोरा बांधायला गेले. तो पडला, खाली माणसं मेली, आणि बापाच्या भीतीने तुम्ही इकडे पळालात. बांधकाम तेव्हाही येत नव्हतं. सचिवांनी डागडुजी केलेलं वस्तीच्या हॉलचं छप्पर बघा, अजून गळतंय." मग पेटीवर हात ठेवून ती म्हणाली, "शिकुलू, आजोबा, झाली तेवढी वस्ती झाली. सामान बांधा. घरी चला. तुमच्या पहिल्या राजाचं नाव काय होतं? चिती मुलुबा. लुबा. आणि माझ्या नावाला ह्यांच्या तोंडात जागा नाही."

माझ्या हातातलं भांडं तसंच राहिलं. पोरीने चिम्बुयाचा हक्क मागितला नव्हता, घेतला होता. आता तो आहे की नाही हे एकाच माणसाच्या हातात होतं. बा कापासा हसला असता, नाहीतर उलट टोमणा मारला असता, तर ती आमच्यातली झाली असती. रागावला असता तर ती एक परकी बाई, जिने मयताच्या घरी येऊन मयताचा अपमान केला. मग फुटबॉल राहू दे, वस्तीत राहणंही कठीण झालं असतं तिला आणि तिच्या आईला.

बा कापासाचा चेहरा राखेसारखा झाला. "हिला बाहेर काढा," तो म्हणाला. "ही कुणाची चिम्बुया नाही."

दोघा पुतण्यांनी तिला दंडाला धरून फाटकाबाहेर नेलं. तिने प्रतिकार केला नाही. जाताना माझ्याकडे बघितलं, आणि मी मान खाली घातली. घातली हो. खोटं कशाला बोलू? मयताचं घर, सचिव रडतोय, आणि मला वाटलं पोरीने हद्द केली.

पण ती घरी गेलीच नव्हती. आम्ही स्मशानात पोचलो, पेटी खाली ठेवली, पाद्र्याने पुस्तक उघडलं, आणि खड्ड्यातून आवाज आला, "लांबी पुरेल. म्हातारा बारीक होता. सचिवांसाठी मात्र दीडपट खणा, नाक मावायचं नाही."

मुजिंगा कबरीत बसली होती. मांडी घालून, हातमोजे चढवून.

चिम्बुयाने कबर अडवणं नवं नाही. आम्हीही अडवतो. मग वरून चार नाणी टाकतात, आम्ही कुरकुर करत वर येतो, तेवढाच विरंगुळा. कुणीतरी सवयीने नाणी टाकलीही. ती तिने एक-एक करून वर भिरकावली. नेम चांगला आहे तिचा, एक पाद्र्याच्या पुस्तकावर पडलं.

"पैसे नकोत," ती म्हणाली. "बा कापासांनी मला हाक मारावी. माझ्या नावाने. नाव घेतल्याशिवाय मी उठणार नाही."

पुतणे पुन्हा पुढे सरकले. खाली उतरून ते तिला ओढून काढणार हे दिसत होतं. त्या वेळी माझ्या अंगात काय शिरलं कोण जाणे. बारा वर्षांपूर्वी चुलीकडे जाताना बोललेलं 'तू पलीकडची' आठवलं. मी कबरीच्या कडेला जाऊन आडवी उभी राहिले.

"थांबा रे," मी म्हटलं. "खड्डा कुणी खणला? आम्ही न्गोनींनी. आत बसलेली पाहुणी आमची आहे. तिला हात लावलात तर आम्ही फावडी उचलून घरी चाललो. मग पुरा तुमचा म्हातारा तुमच्याच हातांनी, आणि त्याचं काय होतं ते नंतर भोगा."

आमची माणसं आधी माझ्याकडे बघत राहिली. मग एकाने फावडं खांद्यावर टाकलं. दुसऱ्याने टाकलं. पुतणे जागच्या जागी थिजले. बेम्बा माणूस सिंहाला कदाचित सामोरा जाईल, पण आपल्या बापाच्या कबरीवर स्वतः माती लोटणार नाही.

बा कापासा ओरडला, "ही काँगोची आहे. हिचा काय संबंध?"

तेव्हा मेलेल्या म्हाताऱ्याचे धाकटे भाऊ बा चिब्वे काठीवर रेलून उठले. वय ऐंशी. ते सहसा बोलत नसत. "संबंध काय तो मी सांगतो," ते म्हणाले. "ती सकाळी जे बोलली त्यातलं खोटं काय होतं? मनोरा पडला आणि आपण पळालो, हे मी आजोबांच्या मांडीवर ऐकलंय. न्गोनी आपले चिम्बुया का? जुनं भांडण म्हणून. मग हे तर त्याहून जुनं. शंभर वर्षांत ह्या लोकांपैकी कुणी आपल्याला ऐकवायला आलं नाही, ही आली. तुला राग आला ना कापासा? रागावला तो हलका. माझा भाऊ उन्हात तापतोय. हाक मार तिला, नाहीतर मी खाली उतरून तिच्या शेजारी बसतो, आणि मला वर काढायला तुला दोरखंड लागेल."

दोनतीन बायका हसल्या. बा कापासाने इकडेतिकडे बघितलं. सगळी वस्ती त्याच्याकडे बघत होती.

"ए पोरी, वर ये," तो म्हणाला.

"पोरी वस्तीत शंभर आहेत," खालून उत्तर आलं.

"गोलकीपर, वर ये."

"गोलकीपर तुमच्याकडे दुसरी आहे म्हणे."

"मुजिंगा," तो पुटपुटला.

"इथे खाली मातीत ऐकू येत नाही हो."

आणि मग त्याचा बांध फुटला. दोन दिवस हा माणूस इस्त्रीच्या पँटीत डोळे टिपत होता. आता गुडघ्यांवर बसला, खड्ड्यात वाकला आणि मोठ्याने ओरडला, "मुजिंगा काबेया, वर ये, माझ्या बापाला जागा दे." आवाज फाटला त्याचा. तो हुंदके देऊन रडायला लागला, लहान मूल रडतं तसा.

ती झटक्यात वर आली. हातमोजे काढून चितेंग्यात खोचले. काही बोलली नाही, चेष्टा नाही, काही नाही. आमच्या पुरुषांबरोबर दोरीला हात लावून तिने पेटी सावकाश खाली सोडली. मग फावडं घेतलं आणि शेवटच्या ढेकळापर्यंत माती लोटली. आम्ही परतलो तेव्हा बा कापासाला पाणी नेऊन देणारी तीच होती. त्याने पाणी घेतलं, प्यायला आणि म्हणाला, "तुझी लुबा माणसं मेल्यावरही असाच तमाशा करतात?" ती म्हणाली, "आमच्यात माणसं एवढ्या लवकर मरत नाहीत. आम्ही माकडं खात नाही." तेव्हा तो हसला. डोळे सुजलेले, नाक वाहतंय, आणि हसतोय.

शुक्रवारी दुपारी सुतकात असतानाही तो हॉलवर आला आणि स्वतःच्या हाताने यादी लिहिली. तिन्ही पेनांतलं एकच चाललं. नागरिकत्वाच्या कागदाची नक्कल जोडली. जन्मस्थान लिकासी असं ठसठशीत अक्षरांत लिहिलं, आणि मला म्हणाला, "बाना झोंदिवे, दगड पडले तर काचा तुम्ही भरून द्या." मी म्हटलं, "मुजिंगाकडून गज बसवून घ्या, म्हणजे दगड आत यायचेच नाहीत." ती तेव्हा वेल्डिंग नुकतंच शिकत होती.

रेडिओवर नावं वाचली ती आम्ही भज्यांच्या कढईभोवती बसून ऐकली. वाचणारा "मुजिंगा"वर अडखळला, घसा खाकरला आणि पुन्हा नीट वाचला. तिच्या आईने चितेंग्याचं टोक तोंडात कोंबलं. मी तेवढ्यात सगळी भजी जाळली.

सामना न्डोला शहरात होता. वस्तीतून दोन ट्रक भरून गेलो. बा कापासा माझ्या शेजारी, टोपी डोळ्यांवर ओढून. पलीकडच्या बाजूला काँगोची माणसं, ढोल घेऊन. मुजिंगाने मैदानात पाय टाकला तशी ती माणसं ओरडायला लागली. काय ते मला कळलं नाही. तिच्या आईला कळलं, आणि ती कडक होऊन समोर बघत राहिली.

विसाव्या मिनिटाला गोल गेला. साधा चेंडू होता, ओल्या गवतावरून सरपटत आलेला. तिच्या हातांत आला आणि निसटला. मी ह्या डोळ्यांनी बघितला. मग आमच्या मागे बसलेला एक जाडा माणूस म्हणाला, "सांगितलं नव्हतं मी? पलीकडचीला उभी केली की हेच व्हायचं. विकला सामना."

तिची आई हलली नाही. मी चप्पल काढायला वाकले, पण माझ्याआधी बा कापासा उठला होता. टोपी काढली, त्या माणसाकडे वळला आणि शांतपणे म्हणाला, "ऊन डोळ्यांत गेलं तिच्या."

आभाळ काळंकुट्ट भरलेलं होतं. जाड्याने वर बघितलं.

"ऊन," बा कापासा पुन्हा म्हणाला. "आणि तिला शिव्या घालायच्या असतील तर आधी आमच्या रांगेत नंबर लावा." हा माणूस भित्रा होता असं मी मघाशी म्हटलं. त्या दिवशी नव्हता.

दुसऱ्या अर्ध्यात आमच्या पोरींनी गोल केला. मग काँगोने चढाई केली ती थांबेचना. मुजिंगाने काय काय अडवलं ते मी सांगणार नाही, कारण अर्धा वेळ मी डोळे मिटून बसले होते. एकदा खांबावर आपटून तिच्या भुवईतून रक्त आलं. तिने ते बाहीला पुसलं आणि उभी राहिली. शेवटची शिट्टी झाली तेव्हा एक-एक.

मी खाली पळाले. बाहेर यायच्या वाटेवर ती उभी होती, भुवईला चिकटपट्टी, आणि लुसाकाहून आलेला एक रेडिओवाला तिच्या तोंडापुढे माईक धरून होता.

"स्वतःच्या देशाविरुद्ध खेळताना कसं वाटलं?" त्याने विचारलं.

ती दाताने हातमोज्याची पट्टी सोडत होती. ती सोडून झाल्यावर म्हणाली, "माझ्या देशाने बरोबरी केली. तुमचा देश कोणता?"

तो हसला. ती हसली नाही. उत्तराची वाट बघत उभी राहिली. मागच्या पोरीही थांबल्या. त्याने माझ्याकडे बघितलं, जशी काही मी त्याला सोडवणार होते.

"झांबिया," शेवटी तो म्हणाला.

"मग कसं वाटलं ते तुम्हालाही ठाऊकच आहे," ती म्हणाली, आणि हातमोजे माझ्या हातात देऊन आईकडे गेली.